स्कॉटलंडमधल्या लग्नाला किल्ट घालावा की नाही, हे ठरवताना

स्कॉटिश सहकाऱ्याच्या किंवा मैत्रिणीच्या लग्नाची पत्रिका येते, तिच्या तळाशी ‘किल्ट किंवा लाउंज सूट’ (म्हणजे नेहमीचा कोट-पँट-टाय) अशी एक ओळ असते, आणि स्कॉटिश नसलेला पाहुणा नेमका त्याच ओळीपाशी अडखळतो. स्कॉटिश पुरुषांचा तो कमरेभोवती गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा किल्ट घालून पाहण्याची इच्छा असते, पण तिथल्या लोकांना तो आगाऊपणा वाटेल का, ही शंका पाठ सोडत नाही. बहुतेकांच्या मनातला प्रश्न अधिकाराचा असतो: आपले घराणे स्कॉटलंडचे नाही, मग तो पोशाख आपल्याला चालतो का? माझ्या मते हा प्रश्न वाटतो तितका मोठा नाही आणि त्याचे उत्तर ‘चालतो’ असेच आहे. निर्णय खरोखर ज्या दोन गोष्टींवर ठरावा त्या वेगळ्या आहेत. एक, ज्यांचे लग्न आहे त्यांना ते आवडेल का. आणि दोन, तो पोशाख पायमोज्यांपासून जाकिटापर्यंत पूर्ण आणि नीट घालण्याची आपली तयारी आहे का. दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर निःशंक मनाने घालावा. एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर चांगला इस्त्रीचा सूट घालून जावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

अधिकाराची शंका

ही शंका लवकर फिटावी म्हणून थोडा इतिहास माहीत असलेला बरा. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्यासाठी बंड करणाऱ्या, फौजेचा पराभव झाला आणि त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्यानुसार १ ऑगस्ट १७४७ पासून सैन्यातले लोक सोडून स्कॉटलंडमधल्या सर्व पुरुषांना आणि मुलांना उत्तरेकडच्या डोंगराळ हायलँड्सचा पोशाख, ज्यात किल्ट येतो, घालण्याची बंदी झाली. पहिल्यांदा पकडले गेल्यास सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्यांदा पकडले गेल्यास सात वर्षांसाठी समुद्रापार हद्दपारी, अशी त्याची शिक्षा होती. हा कायदा १७८२ मध्ये रद्द झाला. ज्या वस्त्रापायी माणसांना तुरुंगात जावे लागेल असा कायदा झाला होता, त्या वस्त्राला फॅन्सी ड्रेस समजून हसत-खिदळत अंगावर चढवणे तिथल्या लोकांना का खुपते, हे यावरून ध्यानात येते.

त्याच इतिहासाची दुसरी बाजू मात्र पाहुण्याला धीर देणारी आहे. ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, त्या भेटीचा सोहळा कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी आखला, राजाने स्वतः किल्ट घातला, आणि तेव्हापासून हायलँड्सचा हा पोशाख साऱ्या स्कॉटलंडचा म्हणून रुळत गेला. दक्षिणेकडच्या सखल लोलँड्समध्ये त्याआधी किल्ट घालण्याची रीत नव्हती, उलट तिथले पुष्कळ लोक त्याला रानटी वेश समजत असत. म्हणजे आज ग्लासगो किंवा एडिंबरोच्या लग्नात अभिमानाने किल्ट घालून उभ्या असलेल्या अनेकांच्या पणजोबांच्या पणजोबांनी तो कधी घातलेला नसण्याचीच शक्यता अधिक. या पोशाखाने नव्या माणसांना सामावून घेणे ही आजची गोष्ट नाही, आणि रीतीने घातलेल्या किल्टकडे पाहून ‘तू कुठला?’ असा जाब विचारणारा यजमान तिथे क्वचितच भेटतो. बहुतेकांना आपल्या पोशाखाचा पाहुण्याने मान राखला याचे मनापासून समाधान वाटते.

पत्रिका काय सांगते आणि विचारायचे काय

पत्रिकेवर ‘हायलँड ड्रेस’ असे लिहिले असेल, तर यजमानांना किल्ट दिसायला हवे आहेत असे समजावे. स्कॉटिश नसलेल्यावर तेव्हाही सक्ती नसते, पण संकोचाचे कारण उरत नाही. ‘किल्ट किंवा लाउंज सूट’ असे असेल तर दोन्ही सारखेच मान्य आहेत. ‘ब्लॅक टाय’ असे असेल तर डिनर जॅकेटच्या जागी संध्याकाळचा औपचारिक हायलँड पोशाख चालतो. पत्रिकेत पोशाखाचा उल्लेखच नसेल, किंवा लग्न स्कॉटलंडबाहेर असून वधू-वरांपैकी एकाचेच घराणे स्कॉटिश असेल, तर अंदाज बांधण्यापेक्षा सरळ विचारावे.

विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘मी किल्ट घातला तर चालेल ना?’ असे विचारले की समोरचा भिडेपोटी ‘हो, हो, अवश्य’ म्हणतो आणि आपल्याला खरे काही कळत नाही. त्याऐवजी तीन नेमक्या गोष्टी विचाराव्यात: नवरदेव स्वतः किल्ट घालणार आहे का, इतर पाहुण्यांपैकी साधारण किती जण घालतील, आणि नवरदेवाच्या मंडळींनी कोणते टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडाचा कोणता चौकटीचा नमुना, निवडले आहे. या तीन उत्तरांत बहुतेक सगळा निर्णय येऊन जातो. नवरदेव सूट घालणार असेल आणि किल्ट घातलेले पाहुणे दोन-चारच असतील, तर स्कॉटिश नसलेल्या पाहुण्याने सूटच घालावा असे माझे स्पष्ट मत आहे. नियम मोडतो म्हणून मी हे सांगत नाही. अशा मांडवात दिवसभर सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळत राहतात, आणि त्या दिवशी त्या वधू-वरांकडे असायला हव्यात. नवरदेव आणि निम्मे पाहुणे किल्टमध्ये असतील, तर त्यांच्यात आपला किल्ट सहज मिसळून जातो.

टार्टनचा प्रश्न विचारायचे कारण वेगळे आहे. नवरदेव, त्याचा बेस्ट मॅन, पाहुण्यांना जागा दाखवणारे अशर आणि बऱ्याचदा दोघांचेही वडील एकाच दुकानातून एकाच टार्टनचे किल्ट भाड्याने घेतात, जेणेकरून छायाचित्रांत वरपक्ष एका नजरेत ओळखू यावा. आपणही नकळत तेच टार्टन घालून गेलो, तर छायाचित्रकार आपल्याला दहा वेळा पहिल्या रांगेत बोलावतो आणि दहा वेळा आपल्याला ‘मी पाहुणा आहे’ असे सांगत बसावे लागते.

एक प्रसंग याहून नाजूक असतो, तो म्हणजे आपणच नवरदेव असण्याचा. वधू स्कॉटिश असेल आणि तिच्या घरच्यांनी आपण होऊन त्यांच्या घराण्याचे टार्टन घालण्याची इच्छा बोलून दाखवली, तर तो जावयाला दिलेला मान आहे आणि तो स्वीकारावा. त्यांनी विषय काढला नसेल, तर आपण होऊन तेच टार्टन मागण्यापेक्षा सर्वांसाठी खुले असलेले एखादे निवडणे अधिक शोभते. काही लग्नांत वधूच्या घरचे कोणी विधीच्या वेळी नव्या जावयाला त्या टार्टनची पट्टी टाचून त्याला घराण्यात सामील करून घेतात. तसे ठरले असेल तर त्या क्षणापर्यंत ते टार्टन अंगावर नसण्यातच गोडी आहे.

टार्टन निवडणे

टार्टन म्हणजे ठरावीक रंगांच्या उभ्या-आडव्या पट्ट्यांचा, ठरावीक क्रमाने पुन्हा पुन्हा येणारा चौकटीचा नमुना. त्या क्रमाला ‘सेट’ म्हणतात. स्कॉटलंडच्या संसदेने २००८ मध्ये कायदा करून टार्टनची अधिकृत नोंदवही स्थापन केली, ती २००९ पासून सुरू आहे आणि एडिंबरोमधील नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड हे सरकारी दप्तरखाते ती सांभाळते. ही नोंदवही नमुन्याची नोंद करते. कोणी काय घालावे हे ती सांगत नाही, आणि घराण्याच्या टार्टनबाबत इतरांना रोखणारा कायदाही नाही. जो आहे तो संकेत आहे, आणि पाहुण्याने संकेत कायद्याहून काटेकोरपणे पाळावा.

तो संकेत असा की ज्या घराण्याशी, म्हणजे ‘क्लॅन’शी, आपला काहीही संबंध नाही त्याचे टार्टन केवळ रंग आवडला म्हणून उचलू नये, विशेषतः लग्नात त्या आडनावाची माणसे असण्याचा संभव असेल तेव्हा. कोणी भांडायला येणार नाही; पण ‘अरे, तूही मॅकडॉनल्ड का?’ असे कोणी आनंदाने विचारले आणि आपल्याला ‘नाही, दुकानात हाच मिळाला’ असे सांगावे लागले, तर दोघांचाही विरस होतो. १६९२ मध्ये ग्लेन्कोच्या दरीत मॅकडॉनल्ड लोकांची कत्तल झाली, ती करणाऱ्या सैनिकांचा प्रमुख कॅम्पबेल आडनावाचा होता, आणि ती गोष्ट आजही तिथे सांगितली जाते. मॅकडॉनल्डांच्या लग्नात अजाणतेपणी कॅम्पबेल टार्टन घालून गेल्यास संध्याकाळभर ती कथा ऐकण्याची तयारी ठेवावी.

पाहुण्यासाठी सुरक्षित पर्याय भरपूर आहेत. ब्लॅक वॉच हे गडद निळे, हिरवे आणि काळे टार्टन मूळचे सरकारी पलटणीचे असून आज ते कोणीही घालते, आणि जवळजवळ प्रत्येक जाकिटाला ते शोभते. पहिल्यांदा किल्ट घालणाऱ्याला मी डोळे झाकून तेच सुचवीन. हंटिंग स्ट्युअर्ट आणि कॅलेडोनिया हीदेखील सर्वांना मोकळी मानली जातात. लालभडक रॉयल स्ट्युअर्ट सर्रास घातले जाते, पण पहिल्याच खेपेला इतका लाल रंग अंगावर घेऊन घोळक्यात उभे राहणे प्रत्येकाला जमत नाही. याशिवाय जिल्ह्यांची आणि शहरांची टार्टन असतात. आपण शिकायला किंवा नोकरीला स्कॉटलंडमध्ये राहिलो असू, तर त्या गावाचे टार्टन घालण्याला एक खरे, सांगण्याजोगे कारण असते. बालमोरल मात्र टाळावे. करड्या रंगाचे ते टार्टन राजघराण्यासाठी राखीव आहे आणि ते राजाच्या परवानगीवाचून घातले जात नाही.

टार्टनइतकाच जपण्याचा विषय बिल्ल्यांचा आहे, आणि तिकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. पट्टा आणि बक्कल यांच्या गोलात चिन्ह असलेला बिल्ला हा त्या त्या क्लॅनच्या प्रमुखाशी निष्ठा असलेल्यांचा असतो, आणि लष्करी बिल्ला त्या पलटणीत नोकरी केलेल्याचा. दुकानदाराने शोभेसाठी दिला तरी असा बिल्ला लावू नये. साधी तलवारीच्या किंवा काटेरी थिसल फुलाच्या आकाराची पिन पुरेशी आहे.

भाड्याने की विकत

एका लग्नासाठी किल्ट विकत घेण्याचे काही कारण नाही. हाताने शिवलेल्या पारंपरिक किल्टला आठ यार्ड, म्हणजे सुमारे ७.३ मीटर लोकरी कापड लागते, त्याच्या निऱ्या कारागीर एकेक करून टाचतो, आणि तो तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. केवळ किल्टचीच किंमत सहज पाचशे पौंडांच्या घरात जाते. भाड्याचा संपूर्ण पोशाख, जाकीट-बूट धरून, साधारणपणे साठ ते दीडशे पौंडांत मिळतो. स्कॉटलंडच्या प्रत्येक मोठ्या गावात अशी दुकाने असतात आणि लग्नाच्या हंगामात त्यांच्याकडे गर्दी असते, त्यामुळे दोन महिने आधी नोंदणी करावी.

माप ऑनलाइन कळवायचे असेल तर एक चूक हमखास होते, ती म्हणजे पँटचे कमरेचे माप देणे. पँट हल्ली नितंबांवर टेकते. किल्ट मात्र खऱ्या कमरेवर, बेंबीच्या रेषेत बसतो, आणि त्या ठिकाणचा घेर बऱ्याच पुरुषांच्या बाबतीत पँटच्या मापाहून काही इंचांनी मोठा असतो. टेप बेंबीवरून फिरवावा, पोट आत ओढू नये, आणि हे माप दुसऱ्या कोणाकडून घ्यावे. दुसरे माप नितंबांच्या सर्वांत रुंद भागाचे आणि तिसरे बेंबीपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंतचे. लांबी तपासण्याची जुनी रीत सोपी आहे: किल्ट घालून जमिनीवर गुडघे टेकावेत, तेव्हा त्याची कड जमिनीपासून जेमतेम इंचभर वर राहिली पाहिजे. गुडघ्याखाली उतरलेला किल्ट उसना वाटतो, आणि पाहुण्याच्या अंगावर सर्वाधिक दिसणारा दोष हाच असतो.

जाकिटांचे दोन मुख्य प्रकार आहेत. प्रिन्स चार्ली हे आखूड, मागे दोन लहान पाती असलेले जाकीट काळ्या बो टायसह संध्याकाळी घालायचे. आर्गाइल हे थोडे लांब, साध्या टायबरोबर दिवसाही चालणारे. दुपारी दोनच्या लग्नातही प्रिन्स चार्ली पुष्कळ दिसते, पण नवरदेवाची मंडळीही बहुधा तेच घालतात. पत्रिकेवर ‘ब्लॅक टाय’ नसेल तर पाहुण्याने आर्गाइल किंवा ट्वीडचे जाकीट घ्यावे, ते सकाळच्या चर्चपासून रात्रीच्या नाचापर्यंत कुठेच विजोड दिसत नाही. आत वेस्टकोट असेल तर वर पट्टा लावू नये.

तो अंगावर चढवताना

पहिल्यांदा किल्ट घालताना अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा आणि शक्य तर आदल्या दिवशी एकदा तालीम करावी. आधी शर्ट, मग पायमोजे आणि बूट, आणि त्यानंतर किल्ट, हा क्रम मोडू नये. किल्ट कसल्यावर वाकून बुटाच्या नाड्या बांधणे अवघड जाते.

पायमोजे जाड लोकरीचे असतात. ते वर ओढून घडी अशी पाडावी की घडीची वरची कड गुडघ्याच्या वाटीखाली तीन बोटांवर येईल. त्या घडीच्या आत इलॅस्टिकचे बंद येतात आणि त्यांची दोन रंगीत टोके, ज्यांना ‘फ्लॅश’ म्हणतात, पायाच्या बाहेरच्या अंगाला घडीखालून डोकावतात. ‘गिली ब्रोग’ या बुटांना जीभ नसते आणि नाड्या हातभर लांब असतात. त्या पुढे घट्ट ओढून दोन-तीन पीळ द्यायचे म्हणजे पीळ घोट्याच्या वर उभा राहतो, मग दोन्ही टोके पायामागून फिरवून पुढे आणायची आणि घोट्याच्या थोडे वर गाठ मारायची. रोमन सैनिकासारख्या पोटरीपर्यंत त्या गुंडाळत नेऊ नयेत.

आता किल्ट. त्याच्या मागे शिवलेल्या निऱ्या असतात आणि पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर. निऱ्यांचा मध्य कण्याच्या रेषेत धरून किल्ट मागून अंगाभोवती घ्यावा. आतला पदर पोटावरून डाव्या कमरेकडे जातो, आणि तिथे किल्टच्या कापडात एक आडवी चीर असते. आतल्या पदराच्या टोकाची कातडी पट्टी त्या चिरेतून बाहेर काढून डाव्या बाजूच्या बकलात अडकवायची. ही चीर पहिल्या खेपेस सापडतच नाही, माणूस बोटांनी कापड चाचपत राहतो आणि पट्टी आतच मुरगळून ठेवतो, आणि मग तासाभरात किल्ट घसरू लागतो. म्हणून आधी किल्ट पलंगावर पसरून ती चीर डोळ्यांनी पाहून ठेवावी. त्यानंतर बाहेरचा पदर डावीकडून उजवीकडे आणून उजव्या कमरेच्या पट्ट्या कसायच्या. पट्टी इतकी घट्ट हवी की खोल श्वास घेताना ती जाणवेल, कारण जाड लोकरी कापड दिवसभरात थोडे सैल पडतेच. शेवटी आरशात पाहावे: पुढच्या पदरावरच्या चौकटींची मधली रेषा बेंबीच्या बरोबर खाली आहे ना, आणि खालची कड चहूबाजूंनी जमिनीशी समांतर आहे ना.

पिन फक्त वरच्या पदराला, उजव्या कडेजवळ खाली टोचायची. दोन्ही पदर एकत्र टोचले की चालताना कापड ओढले जाऊन फाटते, आणि भाड्याच्या किल्टची भरपाई आपल्याला द्यावी लागते. स्पॉरन ही पुढे साखळीने लटकणारी थैली किल्टला खिसे नसण्याची उणीव भरून काढते. ती वेस्टकोटच्या खालच्या कडेपासून साधारण चार बोटे खाली असावी. चामड्याचा साधा स्पॉरन दिवसाचा, केसाळ कातडीचा आणि चांदीच्या कडेचा संध्याकाळचा.

उजव्या पायमोज्यात खोचण्याच्या लहान सुऱ्याला ‘स्कीअन डू’ म्हणतात, आणि त्याच्या मुठीचा फक्त वरचा भाग बाहेर दिसू द्यायचा असतो. सार्वजनिक जागी धारदार पाते बाळगण्यास मनाई करणाऱ्या स्कॉटलंडच्या १९९५ च्या कायद्यात राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ते बाळगण्याचा बचाव स्पष्ट नमूद केलेला आहे, तरीही पाहुण्याने दुकानातला बिनपात्याचा, नुसत्या मुठीचा नमुना घ्यावा, कारण समारंभाच्या जागेचे स्वतःचे नियम असू शकतात. विमानाने जाणाऱ्याने खरा सुरा हातातल्या सामानात चुकूनही ठेवू नये.

आणि तो सनातन प्रश्न, की आत काय घालायचे. चड्डी घालावी. भाड्याचा किल्ट दर आठवड्याला वेगळ्या माणसाच्या अंगावर असतो, समारंभात लहान मुले जमिनीवर खेळत असतात, आणि रात्री नाच असतो. याबाबत कोणी थट्टा केलीच, तर हसून विषय बदलावा.

दिवसभर निभावताना

किल्टची सवय नसलेल्याला सर्वांत जड जाते ते बसणे. बसण्याआधी दोन्ही तळहात पाठीमागून निऱ्यांवरून खाली फिरवून त्या सपाट कराव्यात आणि मगच टेकावे. तसे न केल्यास निऱ्या चुरगळतात आणि उघडी मांडी चर्चच्या गार बाकाला लागते. बसल्यावर गुडघे जवळ ठेवावेत, आणि स्पॉरन मांड्यांच्या मध्ये सोडावा, म्हणजे त्याच्या वजनाने पुढचा पदर खाली राहतो. ही हालचाल घरी पाच-सहा वेळा करून पाहिली तर लग्नात आपोआप होते.

थंडीची चिंता फारशी नसावी, कारण कमरेभोवती लोकरीचे अनेक थर असतात आणि बंद सभागृहात खरा त्रास उकाड्याचाच होतो. उघड्या गुडघ्यांचा शत्रू वेगळा आहे. उन्हाळ्यात, विशेषतः हायलँड्समध्ये आणि पश्चिम किनाऱ्यावर, वारा पडलेल्या दमट संध्याकाळी ‘मिज’ नावाची बारीक चिलटे थव्याने येतात, आणि सरोवराकाठी छायाचित्रासाठी स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाचे गुडघे त्यांना आयते मिळतात. चिलटांचे मलम आधीच लावून निघावे.

जेवणानंतर ‘केयली’ म्हणजे सामूहिक लोकनृत्य सुरू होते, आणि किल्ट घालायचा निर्णय सार्थकी लागतो तो इथे. ‘गे गॉर्डन्स’मध्ये जोडीने चालत, वळत, फेर धरत जावे लागते. ‘स्ट्रिप द विलो’मध्ये एका रांगेतून दुसऱ्या रांगेत हात बदलत गरगर फिरवले जाते. त्या फिरकीत मागच्या निऱ्या पंख्यासारख्या उघडतात आणि थांबताच पुन्हा जागच्या जागी मिटतात. स्पॉरन अशा वेळी जोराने आपटतो, म्हणून नाचाआधी त्याची साखळी फिरवून तो बाजूला, कमरेवर सरकवतात. पायऱ्या येत नसल्या तरी हरकत नसते, कारण वादकांपैकी कोणीतरी प्रत्येक नाच आधी समजावून सांगतो आणि शेजारची माणसे खांद्याला धरून योग्य दिशेला वळवतात. जाकीट काढायचे असल्यास नवरदेवाने काढल्यावर काढावे. वेस्टकोट मात्र अंगावर राहू द्यावा.

एवढे सगळे वाचून हे आपल्याच्याने निभणार नाही असे वाटले, तर मधला मार्ग आहे. गडद सूटवर टार्टनची टाय लावली, किंवा टार्टन कापडाची ‘ट्रूज’ ही पँट घातली, तरी यजमानांना आपला भाव कळतो. स्वतःच्या देशाचा औपचारिक पोशाख, मग तो बंदगळा असो की शेरवानी, स्कॉटिश लग्नात किल्टच्या शेजारी अगदी बरोबरीने उभा राहतो. अर्धवट घातलेल्या किल्टपेक्षा तो कितीतरी चांगला. काळ्या ऑफिसच्या बुटांवर आणि आखूड मोज्यांवर घातलेला किल्ट मात्र कोणालाच शोभत नाही. बायकांसाठी किल्ट ही रीत नाही. त्यांना टार्टनची इच्छा असल्यास खांद्यावरून घेण्याची पट्टी, म्हणजे ‘सॅश’, वापरता येते, आणि ती पाहुण्या स्त्रीने उजव्या खांद्यावर घ्यावी, कारण डावा खांदा परंपरेने क्लॅनप्रमुखाच्या पत्नीसारख्या मोजक्या स्त्रियांचा मानला जातो.

दुसऱ्या दिवशी किल्ट परत करायचा असतो. डाग पडला असेल तर तो स्वतः घासत बसू नये, दुकानदाराला दाखवावा. किल्ट पिशवीत कोंबू नये. निऱ्या नीट जुळवून, पदर मिटवून तो कमरपट्टीकडून टांगावा, किंवा लांबीच्या दिशेने सैल गुंडाळी करावी. बिल्ला, पिन, फ्लॅश, नुसत्या मुठीचा सुरा, असे एकेक यादीशी ताडून द्यावे. आणि स्पॉरनचे झाकण उघडून आत हात घालून पाहावा, कारण हॉटेलच्या खोलीची चावी आणि जेवणाच्या टेबलावरचे आपल्या नावाचे कार्ड बहुधा त्यातच राहिलेले असते.